काकांचा तीळ

ता. ४ जून
ती. काकूस, सा. न. वि. वि.

संपात ज्या फाटकाबाहेर काकांना गोळी लागली, तिथल्याच भिंतीवर आम्ही त्यांचा चेहरा रंगवलाय. चांगला पुरुषभर उंच! तुमच्या लग्नातला फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून गिरवला. कारखान्याचे मालक म्हणतात, इथे गोळीबार झालाच नाही. आता बोला म्हणावं!

भिंतीचा फोटो पाठवतेय. त्या रस्त्यावर तू पुन्हा पाय ठेवला नाहीस, ठाऊक आहे मला. तरी विचारते, येशील? लोभ कर, रागव नंतर.

तुझी ठमी

ता. ९ जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

अगं बये, डोकं ठिकाणावर आहे का? तीळ उजव्या गालावर काढलास! फोटो उलटा पाडलास की काय? दाढी करताना ह्यांचा डावा गाल तिळापाशी हटकून कापायचा आणि मी तुरटी घेऊन धावायचे. मला विचारायचंस तरी! भांगही उलटाय, तो राहू दे, वाऱ्याने विस्कटला म्हणू.

त्या रस्त्यावर यायचं नव्हतं मला. पण चुकीचं तोंड घेऊन त्यांना भर रस्त्यात कशी उभं राहू देऊ? रविवारी येते. काळा रंग तयार ठेव. जपून राहा.

तुझी काकू

ता. २० जून
ती. काकूस, सा. न.

चहावाल्याच्या स्टुलावर चढून तू तीळ डावीकडे काढलास, खाली बसची अख्खी रांग टाळ्या पिटत होती आणि तू त्या गालावर हात ठेवून तशीच उभी राहिलीस. ते डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला हात धजत नाही. काल मालकांनी भिंत पांढरी करून टाकली. मी फुटपाथवर बसून ढसाढसा रडले.

पण आज सकाळी बघते तर पांढऱ्या भिंतीवर काळा ठिपका, बरोब्बर त्याच जागी! दुपारी रखवालदाराने चुना फासला; संध्याकाळी ठिपका पुन्हा हजर. शप्पथ, मी नाही काढला. रांगेत विचारलं तर जो तो बसची वाट बघण्यात गर्क. चहावाल्याने ग्लास पुढे केला, तर त्याचं बोट काळं. काकू, माया पातळ करू नकोस.

तुझी ठमी

ता. २४ जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आधी पोटभर रडले, मग हसले. इतकी वर्षं वाटायचं, त्यांना आठवणारी मी एकटीच उरलेय गं.

चहावाल्याला सांग, स्टूल आत नेऊ नकोस. मी येतेय.

तुझीच,
काकू