घोट्याला बांधलेली दोरी

ती. ताईस,
बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. फक्त लघुशंकेत हल्ली शंका उरत नाही, थेट निकाल लागतो. म्हणूनच दोन वर्षं घरी आलो नाही. सहा तासांच्या बसची धास्ती वाटायची. कामाचं निमित्त खोटं होतं, क्षमस्व.

आता दर मंगळवारी नर्सबाई घोट्यापाशी बारीक सुई टोचून अर्धा तास वीज सोडतात. मूत्राशय म्हणे तिथल्या नसेचं ऐकतं!

मला हसूच आलं. लहानपणी अंथरूण भिजू नये म्हणून तू माझ्या घोट्याला दोरी बांधून पहाटे ओढायचीस. "ऊठ रे पंडित, प्रलय येतोय!" आईला कधी कळू दिलं नाहीस. डॉक्टरांना सांगितलं, हा शोध आमच्या ताईचा.

बारापैकी सात मंगळवार झाले. काल अख्खा तास शिकवला, वर्गाबाहेर न धावता. तुझे गुडघे काय म्हणतात?

गुण येवो न येवो, बारावा मंगळवार झाला की येतोच. दोरी शोधून ठेव.

तुझा,
पंडित