गाडीच्या पोटावरचं नाव

रत्नागिरी,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. सहदेव यास,

बायचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळी बरी आहोत. तुमची खुशाली तुझ्या सर्वेशकडून कळली. तुझ्या गुडघ्यांचंही त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करत जा, नुसती गोळी घेऊन खुर्चीत बसू नकोस. समर्थला चार दात आले म्हणे. आजोबावर गेला असेल तर आता घरातल्या कुणाची धडगत नाही.

सर्वेशबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि फणसपोळी पाठवते आहे. फणसपोळी सुनेनं केली आहे, माझ्या हातची म्हणून उगाच कौतुक करू नकोस.

फोन असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुला थोडं काही लागट बोललं की तू "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस. कागदाला तसं ठेवून देता येत नाही. पूर्ण वाच. चष्मा लावून वाच.

पहिली गोष्ट म्हणजे सर्वेश गाडी न घेता आला म्हणून त्याच्यावर डाफरू नकोस. त्याचा काही दोष नाही. गाडी मीच दिलेली नाही.

तू दिवाळीत फोन केला होतास. समर्थच्या पहिल्या वाढदिवसाला तुझी लहानपणची आगगाडी हवी, ट्रंकेत आहे ना, असं विचारलंस. मी लगेच हो म्हटलं. का नाही म्हणणार? तू सतरा वर्षांचा असताना मुंबईला गेलास तेव्हा "बाय, माझी गाडी सांभाळ" म्हणून गेलास आणि मी ती पन्नास वर्षं सांभाळली. गावचं घर पडलं तेव्हा पितळेची भांडीसुद्धा मागाहून आणली, ती ट्रंक आधी आणली. तू फोनवर आणखी एक सांगितलंस. "आहे तशीच पाठव, घासायबिसायच्या भानगडीत पडू नकोस." मला वाटलं, बहिणीच्या हातांची किती काळजी करतो आहे बिचारा.

आता मधलं ऐक. आमच्या सानवीच्या शाळेत प्रदर्शन होतं. विषय काय, तर आजीच्या किंवा आजोबांच्या जन्मवर्षीचं जग. माझ्या नातीनं आधार कार्ड बघून १९५८ चा मोठा तक्ता केला. अमेरिकेनं त्या साली अंतराळखातं काढलं वगैरे सुंदर अक्षरात लिहिलं. मी तो बघितला आणि म्हटलं, ह्या तक्त्याशेजारी मी बसणार नाही. हे साल माझं नव्हेच.

तुला आठवतं ना, ते साल कसं लागलं? तू शाळेत एकटा जाईनास, भोकाड पसरायचास, म्हणून काकीनं मला तुझ्याबरोबर पाठवलं. नाहीतर माझं नाव शाळेत पडलंच नसतं. गुरुजींनी तुझी तारीख १ जून १९५७ लिहिली. मग माझ्याकडे बघून काकीला वय विचारलं. काकी म्हणाली, असेल आठ-नऊ-दहाची. एवढी घोडी पहिलीत कशी घालायची, म्हणून गुरुजींनी मला पाच वर्षांची करून टाकली. तेव्हापासून सरकारदरबारी मी तुझी धाकटी बहीण आहे. मतदार यादीत, रेशनकार्डावर, सगळीकडे. तू त्यावरून किती वर्षं चिडवलंस मला.

सानवी म्हणाली, मग आजी तुझं खरं साल कुठलं? मला सांगता येईना. आई तर तू सहा महिन्यांचा असतानाच गेली. बाबा गेले, काकी गेली. विचारणार कुणाला? पोरगी हिरमुसली. एकाहत्तर वर्षं जगलेल्या बाईला आपण कधी जन्मलो ते ठाऊक नाही, ह्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

त्याच आठवड्यात तुझी गाडी बाहेर काढली. म्हटलं, पोराच्या वाढदिवसाला असं काळंकुट्ट धूड कसं पाठवायचं? तू नको म्हणालास म्हणून तर मी घासलीच. इंजिन साबणाच्या फडक्यानं पुसलं, हिरवा रंग अजून छान आहे. पहिला डबा पुसला. मागच्या डब्याच्या पोटाला मात्र काळ्या रंगाचा जाड थर होता. रॉकेल मिळेना, म्हणून रंगवाल्याकडून टर्पेंटाइन आणलं आणि अंगणात बसून चोळत राहिले.

सहदेव, खाली टिंबं निघाली.

बाबांचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. जन्मभर मुंबईत तांबाकाट्यावरच्या भांड्यांच्या दुकानात बसून लोकांच्या भांड्यांवर नावं घालायचे ते. आपल्या वाडीत असा तांब्या नसेल की ज्यावर बाबांच्या छिन्नीची टिंबं नाहीत. तेच अक्षर, शेवटच्या कान्याला जरा उजवीकडे झुकलेलं. एवढ्या पातळ पत्र्यावर नाव घातलंय पण एक भोक पडलेलं नाही. मी सानवीला हाक मारली, कारण मला वाचता येईना. डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं. तिनं वाचलं:

"चि. हौसा हीस, बाबांकडून. श्रावण, सन १९५४."

मी त्या अंगणात किती वेळ बसले कुणास ठाऊक. सून चहा घेऊन आली, तो निवला.

तुला मी हे कधी सांगितलेलं नाही, आज सांगते. काकी मला लहानपणी सांगायची की तू झालीस तेव्हा तुझ्या बापानं मुलगी म्हणून ऐकलंन आणि मुंबईहून आलाच नाही. सहदेव झाला तेव्हा मात्र धावत आला, आगगाडी घेऊन. सहज सांगायची, भाकरी थापता थापता. तिनं आपल्याला वाढवलं, उपाशी ठेवलं नाही, त्याबद्दल मी तिला नावं ठेवत नाही. पण ते वाक्य माझ्या अंगात गेलं. गाडी खेळताना तू कधी किल्लीला हात लावू दिला नाहीस. मी कधी हात वर करून सिग्नल व्हायचे, कधी पाय फाकवून बोगदा व्हायचे, आणि मला ते बरोबरच वाटायचं. ज्याच्यासाठी बाप धावत आला त्याचीच गाडी असणार.

बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी, आता हिशेब करता येतो, नऊ वर्षांची. सगळी रडत होती. मी चुलीपुढे बसून राहिले. मनात म्हटलं, सहदेवचे बाबा गेले. बासष्ट वर्षं झाली, मी त्यांच्यासाठी एक टिपूस काढलेलं नाही. त्यांच्या तिथीला नैवेद्य करायचे, तोही तुझ्या वतीनं.

तर दुसऱ्या दिवशी सानवीला घेतलं आणि पावसला गेले, चिमाआतेकडे. बाबांच्या पिढीतली आता तीच एक राहिली. सत्त्याऐंशीची आहे, कानांनी कमी ऐकते, पण डोकं लख्ख आहे. गाडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं डब्यावरून हात फिरवला आणि हसली. मग जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायची माझी हिंमत नाही.

"बापूस तुजा बारशाला आला व्हता गो. पावसाच्या बोटी बंद, म्हणून कोल्हापुरावरनं फिरून, घाट उतरून आला. मांडीपर्यंत चिखल. पाय धुवायच्या आधी तुला बघितलान. गाडी घोंगड्यात बांधून आणलीन व्हती, ती पाळण्यात ठेवलीन."

आणि मग? मग बाबांना दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं, रजा नव्हती. ते उंबऱ्याबाहेर पडले आणि काकीनं गाडी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मुलीला गाडी कशाला, उद्या मुलगा होईल त्याला होईल, म्हणाली. तीन वर्षांनी तू झालास आणि गाडी खाली उतरली. काकी म्हणजे बाबांची थोरली वहिनी, तिच्यापुढे ते कधी बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. आतेचं लग्न होऊन ती पावसला गेली, पाठीमागे मला काय सांगितलं गेलं ते तिला कळायलाच मार्ग नव्हता. मी सांगितलं तेव्हा बसल्या जागी काकीला अशी एक शिवी घातली की सानवी मला अजून तिचा अर्थ विचारते आहे.

येताना एस्टीत मी खिडकीतून तोंड बाहेर काढून रडले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं असं सानवीला सांगितलं. रडले, पण आनंदानं रे! चिखल तुडवत आलेला माणूस दिसत होता मला. माझ्यासाठी आलेला.

आता प्रदर्शनाचं. परवा शनिवारी झालं. सर्वेश शुक्रवारी आला होता, त्यालाही नेलं. तक्ता नवा केला, १९५४ चा. सानवीनं काय काय शोधून काढलं! म्हणे जगातलं दोन नंबरचं उंच शिखर माणसानं पहिल्यांदा सर केलं ते त्याच साली, आणि तेही श्रावणाच्या तोंडाशीच. म्हणजे तिकडे लोक बर्फाचा डोंगर चढत होते आणि इकडे काकी माझी गाडी घेऊन माळा चढत होती. दादरा नगर हवेली त्याच श्रावणात सुटली. आपलं महाराष्ट्र राज्य जन्मायचं होतं, आणे-पै चालत होते, आणि रत्नागिरीला आगगाडी यायला चाळीसेक वर्षं होती. तक्त्याच्या मधोमध पोरीनं लाल अक्षरात लिहिलं होतं, 'माझी आजी जन्मली'. डोंगराच्या वर, राज्यांच्या वर.

टेबलावर रूळ मांडले. एक तुकडा हरवला आहे, तिथे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. मी नुसतं खुर्चीत बसायचं असं ठरलं होतं. मुख्याध्यापिका आल्या, भोवती पोरांचा गराडा, पालक. बाईंनी विचारलं, आजी, ही गाडी तुमच्या भावाची का? त्यांचं चुकलं नाही, कुणीही तेच विचारेल. मी उठून उभी राहिले.

"माझी आहे. माझ्या बापानं माझ्या बारशाला आणलेली आहे."

एवढ्या मोठ्यांदा बोलले की पलीकडच्या टेबलावरची माणसंही वळून बघायला लागली. मग डबा उलटा करून नाव वाचून दाखवलं, साल वाचलं. आणि गाडी रुळांवर ठेवून किल्ली दिली. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. तू तीनच पिळे द्यायचास, स्प्रिंग तुटेल म्हणून. मी पाच दिले. गाडी जी सुटली म्हणतोस! बिस्किटाच्या पत्र्यावरून खडखड करत चार फेऱ्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, मला कसली लाज? सानवीला पहिला नंबर मिळाला. तो मिळाला नसता तरी मी घरी आले असते ते मान वर करूनच.

सर्वेशनंही डब्यावरचं नाव वाचलं. काल दिवसभरात त्यानं गाडीचा विषय काढला नाही. तुझा मुलगा चांगला आहे, सहदेव.

आता राहिलं ते तेवढंच, जे मी तीन पानं टाळते आहे.

आपण तिसरीत होतो. गुरुजींनी शाळेचा फळा रंगवला आणि उरलेला काळा रंग तू करवंटीतून घरी आणलास. गंज चढतो म्हणून गाडीला लावलास. मी ओटीवर बसून बघत होते. इंजिनाला लावला नाहीस, पुढच्या डब्याला लावला नाहीस. एकाच डब्याच्या पोटाला दोन-दोन हात दिलेस. गंज काय नेमका तिथेच चढत होता?

तुला नुकतं जोडाक्षरांसकट वाचता यायला लागलं होतं. तू वाचलंस. आणि दिवाळीत "घासू नकोस" म्हणालास, म्हणजे अजून तुझ्या लक्षात आहे.

मी रागावले. खोटं कशाला बोलू? दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. मग विचार केला, आठ वर्षांचं आईबापाविना पोर, त्याच्याकडे बापाची म्हणून एकच वस्तू होती, आणि तीही दुसऱ्याची निघाली. मीही रंगच फासला असता. त्या आठ वर्षांच्या सहदेवला मी केव्हाच माफ केलं. पण तू पुढे तीस वर्षांचा झालास, पन्नासचा झालास, साठचा झालास. दरवर्षी गणपतीला येत होतास. माझ्या हातचं जेवत होतास. एका वाक्याचं काम होतं. त्या एका वाक्यावाचून मी बापाला परका धरून म्हातारी झाले रे.

तर माझं म्हणणं असं. गाडी मी पाठवणार नाही. माझ्यामागे ती सानवीची. समर्थला घेऊन तू इकडे ये, वाढदिवस इथेच करू, पोराला हवी तेवढी खेळू दे, चावू दे. आलास की मला ते वाक्य तोंडानं सांग, सगळ्यांसमोर नको, आपण दोघंच असताना. मी काही बोलणार नाही. पाठीत धपाटाही घालणार नाही, तुझं वय झालं. फक्त मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, म्हणजे आपल्या दोघांचा बाप एकच होता हे एकदा पक्कं होईल.

बाबांची तिथी मार्गशीर्षात होऊन गेली आहे. तरी काल मी नैवेद्य केला, शेवयांची खीर. ह्या वेळी तुझ्या वतीनं नाही.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. तिकीट काढलंस की कळव.

जिच्यासाठी बाबा भर श्रावणात घाट उतरून आले, ती त्यांची पहिली लेक,

तुझी थोरली बहीण
हौसा