शनिवारचा कार्यक्रम

टी.व्ही. सेंटर, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

सप्रेम जय भीम.

वाळूजला ड्यूटी नीट चालू असेल असं धरून चालते. आई जाऊन अकरा दिवस झाले. तिच्या कपाटाला कुलूप एक आणि किल्ल्या चार निघाल्या. तुझ्या बायकोनं, रूपालीनं पाठवलेल्या भाकरी दोन दिवस पुरवून खाल्ल्या.

शेजारच्या निशाताई रोज म्हणतात, "विशाखा, तुजं ते बाहुलं दाखव की." आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. टोरांटोच्या नाटकांत मला कायम मोलकरणीचीच कामं मिळाली, म्हणून आईच्या लुगड्याचं बाहुलं शिवून मी तिथल्या वाचनालयात दर शनिवारी लहान मुलांपुढं उभी राहिले. बाहुलं विचारायचं, "व्हय का नाय?" आणि तिकडची गोरी लेकरं ओरडायची, "व्हय!" आई व्हिडिओ बघून हसायची आणि डोळेही पुसायची.

रविवारी जलदानविधीला मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, "मला तिचा शेवटचा शब्दसुद्धा ऐकू दिला नाहीस!" तू खाली मान घालून एवढंच बोललास, "ताई, मी फोन लावत होतो, आईच नको म्हनली. 'आज शनवार हाय, लेकरं बसली असतील. आधी तिचा कार्यक्रम व्हऊ दे.'"

तो नियम माझाच. पहिल्या वर्षी कार्यक्रमात तिचा फोन वाजला, तेव्हा मी तिच्यावर केवढी डाफरले होते! त्यानंतर शनिवारी तिनं कधीच फोन केला नाही.

इंद्रा, कार्यक्रम नव्हता. वाचनालयानं मुलांचे कार्यक्रम बंद करून दोन वर्षं झाली. दुसरीकडं कुणी बोलावलं नाही. मी एका गोदामात खोकी चिकटवते. आईला मात्र दर रविवारी सांगायचे, काल चाळीस मुलं होती, एक पोरगी बाहुल्याला सोडेचना. ती इतकी खूश व्हायची की खरं सांगायचं राहूनच गेलं. लाजही वाटायची, आता खोटं कशाला बोलू.

त्या शनिवारी मी टोरांटोत घरीच होते. चहा पीत बसले होते, फोन हातात होता. पहिल्याच रिंगला उचलला असता रे. जी मुलं आलीच नव्हती, त्यांच्यासाठी आई थांबली.

तुझी काही चूक नाही. मी चारचौघांत बोलले, तर हे पत्रही चारचौघांत वाच. निशाताईंनाही ऐकव. रूपाली डबा घ्यायला आली की तिच्याकडं देते. बाहुलं आईच्या फोटोपाशी ठेवलंय, तिथंच राहू दे.

परवा माझं विमान आहे. येशील का?

त्या शनिवारी घरीच असलेली,
तुझी ताई