मशीनच खोटारडं आहे

२ मार्च, सकाळ.
मेव्हण्याने बीपीचं मशीन आणून दिलं. मी मागितलं नव्हतं. माझ्या थोरल्या भावाचं अर्धं अंग गेल्यापासून बायकोने धसका घेतलाय, म्हणून दंडाला पट्टा बांधला. १५२. पुन्हा, १२८. पुन्हा, १६१. डोकंच फिरलं. जन्मभर वजनकाटे दुरुस्त करतोय. एकाच मालाची तीन वजनं सांगणारा काटा मी दुकानात ठेवून घेत नाही. उद्या उघडणार.

३ मार्च.
उघडलं. बंद केलं. एक स्क्रू उरला. जास्तीचाच असणार.
पडद्यावर एक बदाम लुकलुकतो. बायको म्हणते, माहितीपत्रक वाचा. काट्यांची माहितीपत्रकं लोक मला विचारतात. सेल उतरलेत, दुसरं काही नाही. नवे घातले. बदाम आणखी ठळक झाला.

५ मार्च.
बायकोला लावलं. ११८, १२०, ११८. शेजारच्या मास्तरांना लावलं. तेही स्थिर, बदाम नाही. म्हणजे मशीन माणूस बघून वागतं. मेव्हण्याच्या वळणावर गेलंय.

६ मार्च.
मेडिकलवाल्याशी कडाक्याचं भांडण. म्हणाला, काका, ठोके अनियमित असले की मशीन गोंधळतं, डॉक्टरांना दाखवा. नाचता येईना अंगण वाकडं. वर गिऱ्हाइकाचंच काळीज वाकडं म्हणतो. दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं. १४४, १७०, १२६. यालाही बदाम. दोन्ही कंपन्या सामील आहेत.

८ मार्च.
तोडगा सापडला. सगळ्यात कमी आकडा तो खरा. बायकोला तोच सांगतो. तिने ताट आपटलं. जिना चढताना धाप लागली. या इमारतीच्या पायऱ्या मुळातच चुकीच्या आहेत.

१० मार्च.
मशीनचं पितळ उघडं पाडायला डॉक्टरीणबाईंकडे गेलो, दोन्ही पिशवीत घालून. बाईंनी हाताने पंप दाबून, नळी कानाला लावून मोजलं. तीनदा. त्यांचेही आकडे जुळेनात. मी बायकोकडे बघितलं, आता बोल म्हणून.
बाईंनी मनगट धरलं ते सोडेचनात. मग धंदा विचारला. सांगितला. म्हणाल्या, जिवंत कोंबडी तोलताना काटा थांबतो का? मी म्हणालो, कसा थांबेल, कोंबडी फडफडते ना. बोलून गेलो आणि मशीनची पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.
बाईंनी ईसीजीची पट्टी काढली. म्हणाल्या, ठोके वेडेवाकडे पडताहेत. अशाने रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. गोळी आजपासून, आणि बीपी दर वेळी तीनदा मोजून सरासरी धरायची. बायकोने सगळ्यांसमोर माझा हात घट्ट धरला.
घरी येईपर्यंत कोणावर तरी ओरडायचं होतं. कोणी सापडलं नाही. भीती वाटतेय.