पोटऱ्यांचा हिशोब आणि मामींना एक प्रश्न

मिरजगाव, मंगळवार

तीर्थरूप मामींना जावई अंगदचा वाकून नमस्कार.

तुमची, मामांची आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. इकडे तुमची लेक स्नेहल सातव्या महिन्यात सुखरूप आहे. जावयाचं तसं सांगता येत नाही.

त्याचं असं झालं. दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता आहे. गरोदर बाईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, एकच पाय सुजला किंवा दुखला तर लगेच दाखवा, असं त्यावर लिहिलंय. (मी तो तीनदा वाचला.) तेव्हापासून शिंप्याची टेप आणून मी रोज दोन वेळा स्नेहलच्या दोन्ही पोटऱ्या मोजतो आणि कॅलेंडरवर मांडतो. पाहुणे विचारतात, दुधाचे आकडे का? मी हो म्हणतो.

गुरुवारी डावी पोटरी तीन सेंटीमीटर जास्त भरली. शेजारच्या गोरक्षला जेवणावरून उठवून टेम्पो काढायला लावला. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले आणि मलाच मोजून दाखवायला सांगितलं. मी डावी पोटरी मधोमध मोजली आणि उजवी चार बोटं खाली. "असं मोजलंत तर टेबलाचे पायसुद्धा सारखे यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. स्नेहल अजून हसते आहे. पण शंका आल्यावर लगेच आलात ते बरंच केलंत, असंही बाई म्हणाल्या. शिवाय बसून राहायचं नाही, चालायचं, पाणी भरपूर प्यायचं. (मामी, 'खाटेवरून उतरू नको' हा हुकूम तुमचा होता, मी फक्त आठवण करून देतो.) आता ती अंगणात फेऱ्या मारते आणि मी तांब्या घेऊन मागे. रंगुबाई काकू रोज ओट्यावरून विचारतात, "आरं अंगद, दिवस तुला गेल्यात का तिला?"

निघताना बाईंनी विचारलं, आईला-बहिणीला कधी अशी गुठळी झाली होती का? स्नेहल पटकन "न्हाई" म्हणाली. मी टेप गुंडाळत राहिलो.

मामांना नमस्कार, रेडकाला गोंजारणे.

आपला,
अंगद

ता. क. जावयानं सासूच्या पायाबद्दल बोलू नये हे मला कळतं. पण स्नेहलच्या जन्मानंतर तुमचा डावा पाय सुजला होता आणि महिनाभर तुम्ही तो शेकत होतात, असं मामा एकदा बोलून गेले. तेव्हा डॉक्टरांनी गुठळी सांगितली होती का? तोंडावर विचारायचा धीर नाही, म्हणून एवढं पत्र. होय असेल तर गुठळी होऊ नये म्हणून स्नेहलला रोज सुई द्यायची का, ते बाई ठरवतील. मी वांग्यांवर सराव केलाय. (ती भाजी मला एकट्यालाच खावी लागली.)

दुसरा ता. क. स्नेहलनं आत्ताच पत्र वाचलं. म्हणते, आईचा चष्मा फुटलाय, अजिनाथदादाच पत्र वाचून दाखवतो, तेही ओट्यावर, अख्ख्या आळीत ऐकू जाईल असं. अजिनाथराव, म्हणजे वरचं वाचून झालंच असणार. मामी पदर तोंडाला लावून बसल्या असतील. बोलू नका म्हणावं, नुसती मान हलवा. कशी हलली ते तेवढं लगेच फोनवर कळवा. शुक्रवारी दवाखाना आहे.