खोल पाण्यातले दोन नर

३ डिसें., बुधवार. नायगाव

कॉलेजचं म्युझियम आवरताना सरांची बाटली मिळाली. ते माझे गाइड, बाटली माझ्या पीएच.डी.तलीच. अरबी समुद्रात हजार मीटरच्याही खाली, संशोधनाच्या जहाजाच्या जाळ्यात आलेली बार्नेकल्स, दगडाला नाहीतर होडीला चिकटून राहणारी, कवचातली. तीन होती. एक तेव्हा कापलं, दोन शिल्लक. लेबलवर सरांचं अक्षर, त्यांनी ओळखून ठरवलेलं जातीचं नाव. प्राचार्य म्हणाल्या, "घरी न्या मॅडम, इथे फेकून देईल कोणी."

ओढणीत गुंडाळून आणली.

५ डिसें.

सकाळी सुधीर ऑफिसला गेला आणि मी मायक्रोस्कोप खिडकीशी मांडला. बाहेर धुकं इतकं की खाडी नाही, मिठागरं नाहीत, समोरचे टॉवर नाहीत. चौदाव्या मजल्यावर आपणच तळाशी बसलोय असं.

एक बाहेर काढलं. बोटाच्या पेराएवढं. देठ, त्यावर खवले, वर मिटलेल्या कळीसारखं अंग. कळीवर चौदा प्लेटा, मोजल्या. आत पायांच्या सहा जोड्या, पिसासारख्या. डोकं दगडाला चिकटवून जन्मभर उलटं राहायचं, पायांनी पाणी गाळायचं, घास तोंडाकडे ओढायचा. वर्गात किती वर्षं सांगतेय. आज सुईने एक पाय उलगडला तर तो आपणहून परत वळला. अल्कोहोलमुळेच. तरी हात मागे घेतला.

दुपारी वरण लागलं.

७ डिसें., रवि.

प्लेटेच्या आतल्या कडेला एक खिसा असतो. त्यात दोन कण. मऊ, पिवळसर, खसखशीच्या दाण्याहून लहान.

नर आहेत. मोठं दिसतं ती मादी, आणि हे तिच्या कवचात मुक्कामाला. तोंड नाही, पोट नाही. सरांच्या पेपरात, ही जात आपल्या समुद्रात पहिल्यांदा सापडली त्या नोंदीत, स्पष्ट लिहिलंय, नर आढळले नाहीत.

पुढचं जास्त वाईट. लेबलवर ज्या जातीचं नाव आहे तिचा, दुसऱ्या समुद्रांत सापडलेला नर म्हणजे नुसती पिशवी. ह्यांच्या अंगावर चार-चार प्लेटा आहेत, इवल्या. सुधीरला बघायला लावलं. "मला तर नखातली माती दिसते. पण चार आहेत, हो."

म्हणजे जात चुकली. कदाचित कोणाला माहीतच नसलेली.

८ डिसें.

आठवलं. आंघोळ करताना, एकदम.

बावीस वर्षांपूर्वी, पहिलं कापताना, मी विचारलं होतं. "सर, हे दोन ठिपके कसले?" सर खिडकीत पाठमोरे. वळलेही नाहीत. "कचरा असेल. ब्रशने काढ."

मी काढला.

१० डिसें.

आगाशीला, सरांच्या घरी. सर आता बहुतेक वेळ पडवीत, खुर्चीवर. दोन वर्षं विसरतायत. काकूंनी चहाबरोबर सुकेळी दिली, वाडीतलीच केळी वाळवून केलेली. भिंतीवर तो पेपर, फ्रेम करून. काकूंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं.

त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. "नातवाचं नाव विसरतात गं. त्या किड्याचं नाव विसरत नाहीत. तेवढं राहू दे त्यांना."

बरं म्हटलं. निघताना पाया पडले तर सरांनी हात धरला. "काय चाललंय? काही कापतेस की नाही?" मला खोटं येत नाही. जमलं असतं तर...

सांगितलं. ठिपके, ब्रश, सगळं. सर माझ्याकडे बघत राहिले, बावीस वर्षांपूर्वीच्या नजरेने. "कचरा नव्हता, तर तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही सर होतात."

"ते काय उत्तर झालं?" मग म्हणाले, "घेऊन ये. बघू दे मला."

काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

१४ डिसें., रवि.

मायक्रो. मांडीवर घेऊन रिक्षाने आगाशी. सुधीर सोबत. पडवीत टेबल लावलं. सरांना चहाचा कप धरता येत नाही, पण बोटं बरोबर चाकावर गेली. फोकस घेतला. सावकाश, थोडं पुढे, थोडं मागे.

किती वेळ बघत होते कोण जाणे. केळीच्या पानांतून ऊन त्यांच्या टकलावर हलत होतं, हिरवट, पाण्याखालचं असतं तसं. काकूही येऊन उभ्या राहिल्या.

"चार," सर म्हणाले. "दोघांनाही. सुंदर आहेत गं."

मग डोळा न काढताच, "माझी जात गेली म्हणायची." हसले. काकू आत निघून गेल्या.

नव्या पेपरवर दोघांची नावं टाकू म्हटलं. "नको. मला दिसले नव्हते. तुला दिसले होते." शब्द न् शब्द असाच. सुधीर साक्षीला.

१५ डिसें.

काकूंचा फोन. सर सकाळपासून विचारतायत, ती मुलगी काय दाखवायला आली होती. काकूंनी सांगितलं, दोन नर. तर टाळी वाजवली! म्हणाले, मग पेपर लिहायला हवा, आम्ही दोघं लिहू. काकू रडत होत्या की हसत, कळलं नाही. "फ्रेम काढायची का गं?" विचारलं त्यांनी. काय सांगू. काढू नका म्हटलं. निदान एवढ्यात नको.

२१ डिसें., रवि.

चित्रं झाली. मादी, खिसा, नर दोन बाजूंनी. उरलेलं एक नमुना म्हणून अखंड ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या खिशात काय असेल ते असो. नवीन नाव अजून सुचत नाही.

काल परत गेले होते. "सर, तुमचं नाव टाकू ना?" त्यांनी खूप विचार केला. "कशावर?" मग काकूंकडे वळून हळूच, "हिला बसायला दे. कोण आहे ही?"

आज धुकं दहापर्यंत हललं नाही. मजकूर पूर्ण टाइप केला. वर माझं नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला. तो खोडला. परत दिला.

सुधीर विचारतो, पाठवलंस का. बघते म्हटलं.