फलालीनचं अस्तर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि मीही सुटले एकदाची म्हणून ठेवून देते. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. चौथीनंतर हातात वही धरली ती फक्त गिऱ्हाइकांची मापं लिहायला. लावून घे कसंतरी.

तुझी मावशी येऊन गेली. म्हणाली, तू पुन्हा पळायला लागलीस, थंडीतल्या कुठल्याशा लांबच्या शर्यतीत नावही दिलंयस. ऐकून जिवाला बरं वाटलं. मग म्हणते कशी, "पण पोरगी एका पातळ बनियनवर पळते गं. ओठ निळे पडतात, तरी जाकिटाला हात लावत नाही. कसली मेली फॅशन!" माझी कात्री कापडात अर्ध्यावरच थांबली. फॅशन नाही ती. तू जाकीट का घालत नाहीस ते मला ठाऊक आहे. सहा वर्षं ठाऊक आहे.

आधी पार्सलचं सांगते. काळं, अंगाला चिकटून बसणारं आहे ते सगळ्यात आत घालायचं. घाम ते बाहेर ओढून काढतं, अंग कोरडं राहतं. शिवण मी उलटून बघितली, काखेत काचणार नाही. त्यावर राखाडी, आतून लव असलेलं, गळ्याशी अर्धी चेन आहे ते. गरम झालं तर चेन खाली ओढ, हिरोगिरी करत घामाने भिजू नकोस. मोजे लोकरीचे आहेत, सुती घालशील तर बघ. टोपी कानांवर ओढायची, कान काही दागिने नाहीत मिरवायला. आणि दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर समज, कपडे जास्त झाले. थांबलीस की आधी ओलं काढ, मग गप्पा मार.

हे शहाणपण माझं नाही. दुकानात पुढे खेळाचे कपडे विकतो तो काडीपैलवान आठवतो ना, ज्याच्या पँटी मला दोनदा आत घ्याव्या लागायच्या? त्याचं आहे. सात वर्षांपूर्वी तो मागच्या खोलीत माझ्या मशीनशी उभा राहून हेच सांगत होता. "काकू, थंडीत पळताना अंगाला सुती नको. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो." मी त्याला झाडला. म्हटलं, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी कापडात हात घालून बसलेय, तू मला सूत शिकवतोस होय रे? हसत हसत गेला बिचारा. मी सुईत दोरा ओवला आणि विषय संपला.

तुझे बाबा तेव्हा नुकतेच पळायला लागले होते. दिवसभर बस चालवून कंबर धरायची, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आणि ह्यांना नादच लागला. तू पुढे, ते मागे. तू वळून "अहो ड्रायव्हर, गियर टाका" म्हणायचीस आणि ते तोंडाने हॉर्न वाजवायचे. शेजारचे खिडक्या उघडून ओरडायचे. मला वैताग यायचा, आणि तुम्ही दोघं लाल नाकं घेऊन परत येईपर्यंत चहाचं आधण मी तीनदा तापवायची, तेही खरं.

आणि तो दिवस. तुला कॉलेजच्या सहलीला जायचं होतं, तुझ्या जाकिटाची चेन तुटलेली. ते माझ्याच टेबलावर आठवडाभर पडलं होतं, लोकांची कामं आधी म्हणून. बाबांनी आपलं जाकीट तुझ्या खांद्यावर टाकलं. "घेऊन जा, मी पळतो म्हणजे तापलेलाच असतो." पुढचं तुला माहीत आहे. कालव्याच्या कडेला पाय मुरगळून पडले, दोन तास वाऱ्यात बसून राहिले, सापडले तेव्हा बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेले. तू दवाखान्याच्या जिन्यात ते जाकीट अंगातून ओरबाडून काढलंस आणि म्हणालीस, माझ्यामुळे. मी तुला जवळ घेतलं. पण नाही म्हटलं नाही. तू किती दिवस वाट बघितलीस, आई कधीतरी नाही म्हणेल. मग वाट बघायचं सोडलंस, आणि घरही.

आता ऐक. बाबांनी थंडीत पळायला जाड बनियन आणलं होतं, काडीपैलवानानेच दिलेलं. मला ते हाताला प्लास्टिकसारखं लागलं. म्हटलं, असलं काय माणसाच्या अंगाला लावायचं? त्यांना न सांगता मी त्याला आतून फलालीनचं अस्तर लावलं. मऊ, सुती, बाळाच्या दुपट्याला लावतात ते. मशीन नाही, हातशिलाई, बारीक टाके. ते घालून म्हणाले, "वा, राजाच झालो की!" त्याच अस्तराने घाम प्यायला आणि धरून ठेवला. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी मिळाली तेव्हा वरचं कापड कोरडं होतं आणि अस्तर पिळलं तर पाणी निघालं असतं. कापड हातात घेतलं की मला कळतं, भिंगरी. तेव्हाच कळलं. आणि तू जिन्यात रडत होतीस.

जाकीट असतं तर वाचले असते का? मला माहीत नाही, खोटा धीर मी देणार नाही. पण ओलं अंगाला चिकटवून मी त्यांना पाठवलं, तू नाही. पार्सलच्या तळाशी ते बनियन ठेवलंय. कितीदा उसवायला घेतलं, होईना. उलटं करून बघ, टाके कुणाचे ते तू ओळखशील, तुझे फ्रॉक त्याच हाताने शिवलेत. त्याच्यावर बाबांचं जाकीट आहे. तू ओरबाडलंस तेव्हा तुटलेली चेन काढून नवी लावली, आधी तुझं काम केलं, लोकांचं नंतर. आता माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव, पण जाकीट घालून रागाव.

तुझीच, उशिरा तोंड उघडलेली,
आई